पोतेऱ्यातलं पाणी

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी सासूबाईंना भर ओसरीवर ऐकवलं होतं, "मी ह्या घराचं पोतेरं नाहीये!"

भांडण कशावरून होतं ते आता आठवत नाही. पाहुण्यांचा स्वयंपाक असेल, नाही तर मला कामावर जायला झालेला उशीर असेल. वाक्य मात्र आठवतं, कारण त्यावर जे उत्तर आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. हातातली पाकळी खाली न ठेवता म्हणाल्या, "पोतेरं व्हवाले कापडले वीस वरीस लागतस. तू तं आत्ते उनी."

घ्या! म्हणजे पोतेरं व्हायला वीस वर्षं लागतात आणि मी तर आत्ता आले. पोतेरं व्हायची योग्यतासुद्धा माझ्यात अजून नव्हती. मी पाय आपटत आत गेले आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना काही फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी मीच बोलले, कारण चहापत्तीचा नवा पुडा कुठे ठेवलाय ते त्यांनाच माहीत होतं.

मी धुळ्याची, सरकारी नोकराची मुलगी. आमच्या घरी शहाबादी फरशी, तिच्यावरून रोज ओलं फडकं फिरायचं आणि त्याला आम्ही फडकंच म्हणायचो. घरात शुद्ध मराठी. अहिराणी ही भाजीवालीशी बोलायची भाषा, असा आमचा तोरा. लग्न करून आले ती शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या शेतकरी घरात. नवरा तोरणमाळच्या रस्त्यावरच्या एका आश्रमशाळेत शिक्षक. तो घाट रोज चढायचा-उतरायचा म्हणजे कंबरडं मोडायचं काम, म्हणून हे सोमवारी जातात ते शनिवारीच उगवतात. मला लोणखेड्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली. सासरे गेले, आमची मुलगी शिकायला नाशिकला गेली, आणि मग आठवडाभर त्या घरात आम्ही दोघीच उरलो. मी आणि आत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे.

दोघींची जीभ सारखीच तिखट. फरक एवढाच की मी चार वाक्यं बोलायची आणि त्या एक.

पोतेऱ्याचं शास्त्र मी त्यांच्याकडूनच शिकले, तेही शिकायचं नाही असं ठरवून. आत्यांच्या हिशेबी कापडाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. नवं लुगडं आधी लग्नकार्याला. मग बाजाराला जाताना. मग शेतात. विरलं की त्याचा धडपा, तो गोधडीत जायचा नाही तर बाळाखाली. धडपा फाटला की हात पुसायचं फडकं. आणि फडक्याचं सूत अगदी मऊ पडलं, पाणी टाकताक्षणी पिऊन घेऊ लागलं, की तेव्हा कुठे त्याचं पोतेरं व्हायचं. पोतेऱ्यानं जमीन सारवायची, चूल पोतारायची, उंबरा पुसायचा. घरातल्या देवाच्या कोनाड्याखालची जागा पण त्यानंच. नव्या कापडाला हे काम झेपत नाही, असं त्यांचं ठाम मत. नवं कापड ताठ असतं.

माझा राग ह्या शब्दावर जरा जास्तच होता, आणि तो का होता तेही सांगते. आपल्याकडे बाई दमली, पिचली, की लोक म्हणतात तिचं पोतेरं झालं. कुणाचा अपमान करायचा तर तोंडावर पोतेरं फिरवलं म्हणतात. आयुष्याचं पोतेरं, नोकरीचं पोतेरं. मी ठरवून टाकलं होतं की ह्या घरात माझ्या हातात ते चिंधूक दिसणार नाही. पहिली संधी मिळताच मी पुढच्या सगळ्या खोल्यांत टाइल्स बसवून घेतल्या आणि शहाद्याहून तो गरगर फिरणाऱ्या बादलीचा मॉप आणला. पायानं दट्ट्या दाबला की तो आपोआप पिळला जातो. आत्यांनी तो दोनदा फिरवून पाहिला आणि विचारलं, "मशीन पियस, मंग तुन्हा हात काय करतीन?"

अहिराणीत पिळणं म्हणजे पियनं. मशीन पिळतं, मग तुझे हात काय करणार? मी म्हटलं, माझे हात पुस्तकं लावतील. त्या म्हणाल्या बरं. पण मागची खोली त्यांनी दिली नाही. चुलीची ती खोली मातीच्या जमिनीची होती आणि तशीच राहिली. आखाजीची घागर तिथेच मांडायची, आणि ती टाइल्सवर मांडली तर पितर घसरून पडतील का, असं मी एकदा चिडून विचारलंसुद्धा होतं. 

बाहेरच्यांसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात तिची शान दिवाळीपेक्षा कमी नाही. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं भरलेली मातीची घागर मांडतात, वर खरबूज, आंबे, सांजोरी ठेवतात, आणि घरातली मोठी बाई उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत एकेकाचं नाव घेते. आदल्या दिवशी घागरीखालची जमीन शेणानं पोतारून ठेवायची. आत्यांनी हे काम सासरी आल्या वर्षापासून एकदाही दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर आठवडाभरात त्यांना लकवा मारला. सकाळी मोरीपाशी तोंड धुताना हातातला तांब्या खाली पडला. मी आतून ओरडले, "काय पाडलंत?" उत्तर आलं नाही. बाहेर येऊन पाहते तर त्या भिंतीला टेकून उभ्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि उजव्या हाताकडे अशा बघतायत की जणू तो कुणी परक्यानं आणून ठेवलाय. मी त्यांना तसंच शहाद्याला दवाखान्यात नेलं. मी घाबरले होते आणि डॉक्टर येईपर्यंत रडत होते, ह्यात लपवण्यासारखं काही नाही.

जीव वाचला. वाचा आठ-दहा दिवसांत परतली, जरा जड होऊन. पायात काठीच्या आधारानं चालण्याइतकं बळ आलं. उजवा हात मात्र तसाच लोंबत राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोरानं एक पिवळा रबरी चेंडू दिला, दिवसातून शंभर वेळा दाबा म्हणाला. आत्या म्हणाल्या, "मी काय धाकली पोर शे का, चेंडू खेयाले?" आणि तो चेंडू डाव्या हातानं खाटेखाली घरंगळत सोडून दिला. मी रोज काढायची, त्या रोज ढकलायच्या. शेजारची काकू, जी मी कामावर गेल्यावर त्यांच्यापाशी बसायची, ती पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, "सुंभ जयी गया, पीय काय गया नही!" जळला सुंभ तरी पीळ कायम.

हसणं ठीक, पण पुढचं खरं सांगायचं तर मी थकले होते. सकाळी त्यांची अंघोळ, लुगड्याच्या निऱ्या, वेणी, भरवणं, मग स्कूटीवर लोणखेडा, संध्याकाळी पुन्हा तेच. नवरा शनिवारी यायचा आणि म्हणायचा, "बघू, होईल." महापूर आला तरी हा माणूस बघू म्हणेल.

संक्रांतीला सुरतहून मोठे दीर आले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. माणूस चांगला, आईवर जीव. त्यांनी आईचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि डोळे पुसले. म्हणाले, "माय, तू मन्हासंगे सुरतले चाल." तिथे दिवसभराची बाई ठेवता येईल, दवाखाना दारात आहे, इथे सूनबाई एकटी किती करणार? बोलले त्यात चुकीचं काही नव्हतं. आत्या म्हणाल्या, "मी आखाजीले आठेच घागर भरसू." आखाजीला मी इथेच घागर भरणार. दादा म्हणाले, ठीक, आखाजीपर्यंत बघू. आखाजीला मी येतो, तोवर हात चालला तर राहा, नाही तर माझ्यासोबत चल. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "सुरतच बरं."

आत्यांनी हे ऐकलं.  त्याच आठवड्यात मी त्यांची चार लुगडी, दोन शाली आणि औषधांची डबी एका निळ्या पिशवीत भरून कपाटाशेजारी ठेवली. तयारी असावी म्हणून. ती पिशवी त्यांच्या खाटेवरून सरळ दिसायची, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. की आलं होतं आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही, हे आता मलाही सांगता येणार नाही.

माघातल्या एका रविवारी मी मागची खोली पुसत होते. जमीन सारवायला मला येत नाही, पण धूळ तरी बसावी म्हणून जुन्या टॉवेलचा तुकडा बादलीत बुडवून फिरवत होते. घाईत होते. मागे मातीत डबकी पडत होती. आत्या दारात काठी धरून उभ्या होत्या. त्यांना सहन झालं नाही.

"कितलं पानी गयी ऱ्हायनं ते! आन आठे."

किती पाणी गळतंय, इकडे आण. मी म्हटलं, "तुम्ही काय करणार?" आणि बोलून जीभ चावली. त्या पाटावर बसल्या. डाव्या हातानं टॉवेल उचलला, त्याचं एक टोक उजव्या मुठीत कोंबलं. मूठ मिटेना. मला म्हणाल्या, बोटं मिटव. मी एकेक बोट धरून मिटवलं. मग त्यांनी डाव्या हातानं पीळ द्यायला सुरुवात केली. उजवी मूठ सुटली, टॉवेल खाली पडला. पुन्हा कोंबला, पुन्हा सुटला. चौथ्या वेळेला दोन थेंब गळाले. कपाळावर घाम आला होता. त्या चेंडूला त्यांनी तीन महिन्यांत इतका वेळ दिला नव्हता!

दुसऱ्या दिवशी मी शहाद्याच्या बाजारातून चांगलं जाड पिवळं फडकं आणलं, दुकानदार म्हणे हे सगळं पाणी शोषतं. आत्यांनी ते बुडवून पाहिलं आणि परत दिलं. "हाई पानी पेस नही, नुसतं ढकलस." हे पाणी पीत नाही, नुसतं ढकलतं. मग त्यांनी मला लाकडी पेटी उघडायला लावली. तळाशी सासऱ्यांचं एक धोतर होतं. ते गेल्यावर बाकी कपडे देऊन टाकले होते, हे एकच ठेवलेलं. इतकं वापरलेलं की सुताला रंगच उरला नव्हता. हातात घेतलं तर साय धरल्यासारखं वाटलं.

"फाड," आत्या म्हणाल्या.

मला फाडवेना. अहो, सासऱ्यांचं धोतर! मी म्हटलं, हे राहू द्या, माझी एखादी जुनी साडी काढते. त्या म्हणाल्या, "बठेल कपडा कुजी जास. त्यास्ले बी बठनं आवडे नही." बसून राहिलेला कपडा कुजतो, आणि त्यांनाही बसणं आवडायचं नाही. मी दातानं काठ तोडला आणि फाडलं. फाडताना मला हुंदका आला. त्यांना आला नाही. त्यांनी तो तुकडा मांडीवर पसरून डाव्या तळव्यानं एकदा सपाट केला, आणि बादली मागितली.

त्या दिवशी कामावर गेल्यावर मी पहिल्यांदा पोतेरं हा शब्द कोशात काढून पाहिला. वीस वर्षं ग्रंथालयात काढली, हजार विद्यार्थ्यांना शब्द शोधून दिले, आणि ज्या शब्दावरून मी इतकी वर्षं धुमसत होते तो एकदाही उघडून बघितला नव्हता. शेजारीच पोत हा शब्द होता. साडी घेताना दुकानदार म्हणतो ना, "ताई, पोत बघा," तो पोत. मग मी एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा ग्रंथ काढत बसले. प्राकृतात पोत्त म्हणजे कापड. नुसतं कापड, चांगलं वाईट काही नाही. सुरतची माझी जाऊ फरशी पुसायच्या कापडाला पोतुं म्हणते, हिंदीवाले भिंत पोततात, आमच्या आत्या चूल पोतारतात, हे सगळं त्याच एका गोतावळ्यातलं. म्हणजे मुळात ह्या शब्दात घाण कुठेच नाही. घाण उचलणाऱ्यालाच घाण म्हणायची आपली जुनी खोड, ती त्या शब्दाला चिकटली. ज्यानं जन्मात कधी पोतेरं पिळलं नाही, त्यानंच त्याची शिवी केली असणार. मला इतका संताप आला की मी तो जाड ग्रंथ धाडकन मिटला आणि वाचनकक्षातल्या पोरी दचकल्या.

संध्याकाळी मोठ्या उत्साहानं आत्यांना सांगितलं, पोतेरं म्हणजे मुळात कापड. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मंग? पोतेरं कापडनंच ऱ्हास ना? ते पुस्तकमा देखाले लागस का?"

घ्या! पोतेरं कापडाचंच असतं, हे पुस्तकात बघायला लागतं का? 

पण त्या दिवसापासून मी एक काम सुरू केलं. सकाळी त्या बादलीपुढे बसून पोतेरं पिळायच्या. दहा वेळा, वीस वेळा, हाताला कळ येईपर्यंत. शेवटचं पिळलेलं पोतेरं माझ्याकडे द्यायच्या, वाळत घाल म्हणून. मी ते घेऊन परसात जायची आणि दोरीवर टाकण्याआधी त्यांच्या नकळत पुन्हा एकदा जोरात पिळायची, खाली स्टीलची वाटी धरून. पहिल्या दिवशी वाटी भरून वर सांडलं. आठवड्यानं काठाखाली राहिलं. शिमग्याच्या आदल्या दिवशी अर्धी वाटी. मी ते पाणी तुळशीत ओतायची आणि स्कूटीला किक मारायची. नवऱ्याला शनिवारी सांगितलं तर तो म्हणाला, "अरे वा, बघू." मी म्हटलं, बघू नाही, तुम्ही फक्त बघतच असता!

आणि त्या अर्ध्या वाटीच्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं. ही बाई सुरतला जाणार नाही. मी दमेन, चिडेन, भांडेन, पण तिला तिच्या घरातून हलू देणार नाही. मी ज्या तोंडानं सुरतच बरं म्हटलं होतं, त्याच तोंडानं दादांना नाही म्हणणार होते. पण नुसतं माझं नाही ऐकून दादा गप्प बसले नसते. त्यांना हात चाललेला दिसायला हवा होता.

मग शिमग्यानंतर आत्या तापानं पडल्या. साधा ताप, पाच दिवसांचा, पण त्यानं हात पुन्हा लाकूड करून टाकला. सहाव्या दिवशी पोतेरं पिळलं आणि मी परसात जाऊन पाहिलं तर वाटी पुन्हा काठोकाठ. दीड महिन्याची मेहनत पाण्यात. मी परत आत आले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी वाटी पाहिली नव्हती, पण स्वतःची मूठ त्यांना कळत होतीच.

"मन्हाघाई आते व्हवाव नही," त्या म्हणाल्या. माझ्याच्यानं आता होणार नाही. "पिशवी भरेल शे. जासू मी."

एकवीस वर्षांत त्यांच्या तोंडून होणार नाही हे शब्द मी ऐकले नव्हते. पिशवी भरलेली आहे, जाईन मी. मला भडभडून आलं आणि तितकाच राग आला. त्यांचा, माझा, त्या निळ्या पिशवीचा. मी बादली ओढत आणून त्यांच्या पुढ्यात आदळली. पाणी त्यांच्या पायावर उडालं. आणि एकवीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. मी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलले.

"कसं नही व्हवाव? व्हई! धरा."

त्यांनी मान वळवून पाहिलं. माझे उच्चार धुळ्याच्या शहरी पोरीचे, ऐकून कुणीही हसलं असतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि मी एकेक बोट मिटवून दिलं, पहिल्या दिवसासारखं.

चैत्र तापला. दुपारी रस्त्यावर कुत्रं फिरकत नव्हतं. आम्ही पहाटे उठून पिळायचो आणि मी घरी आल्यावर पुन्हा पिळायचो. वाटी अर्धी झाली, मग पाव, मग तळ झाकला जाईल एवढीच. मध्ये दोन-तीन वेळा पुन्हा वाढली. अंगठा अजून नीट वळत नव्हता, लुगड्याच्या निऱ्या मलाच काढाव्या लागत होत्या. पण तांब्या त्या उजव्या हातानं उचलू लागल्या, आणि एकदा जेवताना त्यांनी उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला तेव्हा शेजारची काकू हातातला चहा विसरून बघत राहिली.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी दादा आले. कुंभाराकडून आणलेली लाल घागर मी मागच्या खोलीत धुऊन ठेवली होती. समोरच्या निंबाला पोरींनी झोका बांधला होता आणि त्यांचा कलकलाट घरात ऐकू येत होता. दादा पाणी प्यायले, आईच्या पाया पडले, आणि त्यांची नजर कपाटाशेजारच्या पिशवीवर गेली. "बरं झालं, भरून ठेवली," ते म्हणाले. मी बोलायला तोंड उघडलं, तर आत्यांनी मला हातानं गप्प केलं. उजव्या हातानं.

"चाल मांगे," त्या दादांना म्हणाल्या.

मागच्या खोलीत मी शेण कालवून ठेवलं होतं, दर वर्षी त्या ठेवायच्या तसं पातळ. त्या पाटावर बसल्या, पाय पसरून, कारण उकिडवं बसणं अजून जमत नव्हतं. सासऱ्यांच्या धोतराचं ते पोतेरं त्यांनी घमेल्यात बुडवलं आणि घागरीच्या जागेवर फिरवलं. हात हळू चालत होता, मधेच थांबत होता, पण चालत होता. अर्धगोल, मग त्याला जोडून दुसरा अर्धगोल. ओल्या जमिनीवर बोटांचे वळसे उमटत गेले. एक वळसा वाकडा गेला, तो त्यांनी परत फिरून सारखा केला. दादा दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझं लक्ष त्या अंगठ्याकडे होतं.

जागा पोतारून झाली. त्यांनी स्वच्छ पाण्याच्या बादलीत पोतेरं धुतलं, दोनदा खळबळलं आणि पिळलं. उजव्या मुठीत टोक, डाव्या हाताचा पीळ, आणि मग उजव्या हाताचाही. दोन्ही हात उलट्या दिशांनी फिरले. हातांच्या शिरा वर आल्या. पाणी धारेनं गळलं, मग थेंब थेंब, मग थांबलं.

त्यांनी पोतेरं माझ्यापुढे धरलं. नेहमीसारखं मी ते घेऊन परसाकडे वळणार, तोच त्या म्हणाल्या, "रोज चोरीछुपे पियस ना तू? आज आठे पीय. याना समोर."

 रोज चोरून पिळतेस ना, आज इथे पिळ, ह्याच्या समोर. म्हणजे ह्या बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वाटी, तुळस, सगळं.

दादांना काही कळेना. "काय चाललंय?" ते म्हणाले.

 मी फडताळातली स्टीलची वाटी काढली, पोतारलेल्या जागेच्या बाजूला ठेवली, पोतेरं दोन्ही हातांत धरलं आणि दात खाऊन पिळलं. सगळी ताकद लावून पिळलं. मनगटं दुखेपर्यंत, तोंड लाल होईपर्यंत. वाटीकडे तिघंही बघत होतो.

एक थेंबसुद्धा पडला नाही.

दादांनी वाटी उचलली, आत बोट फिरवून पाहिलं आणि बोट कोरडं बघून आईजवळ जमिनीवर बसले. आत्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, शेणाचाच, उजवा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "देखत काय ऱ्हायनी? वीस वरीस व्हयनात ना तुले?"

झाली होती वीस वर्षं, वर एक. मी पोतेरं दोरीवर वाळत घातलं आणि पिशवी रिकामी करायला आत गेले.